कलाकार आणि डिझायनरसाठीच्या उद्योजकता कार्यक्रमात जाण्यात खरंच अर्थ आहे का?

तुम्ही सिरॅमिकची भांडी करता, निवड झाली आहे, आणि काम बाजूला ठेवून जावं का, असं विचारलंय. मी पॅटर्न डिझायनर आहे, अशा एका कार्यक्रमातून गेलेली. माझं मत, जा. पण आधी वेळापत्रक मागून घ्या. त्यात नुसतं पिचिंग (गुंतवणूकदारांसमोर आपली कल्पना मांडणं), ब्रँडिंग आणि 'मोठी स्वप्नं बघा' छापाची भाषणं असतील तर सरळ नाही म्हणा. किंमत काढणं आणि करार वाचणं, या दोन गोष्टींना भरपूर वेळ दिलेला हवा.

आम्हाला स्वतःचाच एक नग घेऊन हिशोबाला बसवलं होतं. माती, ग्लेझ, भट्टी सगळे धरतात. तडा गेलेले नग, फोटो, पॅकिंग, ग्राहकाशी तासभर चाललेलं चॅटिंग कुणी धरत नाही. त्यात दुकानदार घाऊक माल साधारण विक्रीच्या निम्म्या किमतीत मागतो. गॅलरीचं कमिशनही बऱ्याचदा 50 टक्क्यांच्या आसपास असतं. उरलेल्या निम्म्यात खर्च आणि नफा दोन्ही बसवायचे. माझ्या शेजारच्या बाईंचा कप तोट्यात निघाला. सर्वांत जास्त खपायचा तोच!

करारात तर एकेक शब्द महाग पडतो. डिझाइनचे हक्क कायमचे विकणं वेगळं आणि वापरायचा परवाना देणं वेगळं. परवान्यात मुदत, प्रदेश, कोणत्या वस्तूंवर वापरणार आणि एकाच कंपनीला देताय का, हे चारही लिहिलेलं पाहिजे.

आता आयोजक काय मागतात ते बघा. टेक स्टार्टअपच्या जगात वाय कॉम्बिनेटर ही नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणारी अमेरिकी संस्था त्या बदल्यात प्रत्येक कंपनीत 7 टक्के हिस्सा घेते. तिथे ते चालतं, कारण सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की लाखोंना विकता येतं. चाकावर बसणाऱ्याचे हात दोनच. त्यामुळे हिस्सा किंवा डिझाइनचे हक्क मागणाऱ्यांपासून मी तरी लांब राहीन. न्यूयॉर्कची क्रिएटिव्ह कॅपिटल ही 1999 पासूनची संस्था कलाकारांना प्रकल्पासाठी अनुदान देते आणि व्यवसायाचं मार्गदर्शनही करते. मला ही पद्धत पटते. त्या काळात घरखर्च भागेल असा भत्ता मिळत असेल तर उत्तमच.

आणि जुन्या बॅचमधल्या एकदोघांना फोन करा, अगदी ताज्या नको. संपल्यासंपल्या सगळेच खूश असतात. त्यांनी नंतर दर बदलले का आणि कार्यक्रमात कुणी त्यांचा खरा करार तपासून दिला का, एवढंच विचारा.