बारा बोर म्हणजे बारा एमएम नव्हे

अमेरिकेत सू फॉल्सला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या ऑफिसातली मंडळी ऑक्टोबरात साउथ डकोटातच फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीला निघालीयत, ह्यांनाही येतेस का म्हणून विचारलं, दुकानात गेल्यावर विक्रेत्याने विचारलं ट्वेल्व्ह गेज की ट्वेंटी, आणि ह्यांनी साहजिकच समजून घेतलं की वीस म्हणजे मोठी. ती निघाली लहान. तर प्रश्न असा, की नंबर वाढला की बंदूक बारीक का होते, मराठीत गेजला काय म्हणायचं, आणि घरी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले "बारा एमएमची घे", ते बरोबर का?

नाही. अजिबात नाही. हे "बारा एमएम" मी इतक्या ठिकाणी ऐकलंय आणि छापलेलं वाचलंय की आता कान दुखतात. बँकेच्या दारात गार्ड उभा असतो त्याच्या हातातली बारा बोर, म्हणजे ताईंची ट्वेल्व्ह गेजच, तिच्या नळीचं आतलं माप साडेअठरा मिलिमीटर असतं. साडेअठरा! बाराचा मिलिमीटरशी काडीचा संबंध नाही. त्याहून वाईट म्हणजे आकड्याआधी पॉइंट लावून "पॉइंट बारा बोर" लिहिणारे, त्यांच्या हिशेबाने ती नळी पॉइंट बारा इंच, म्हणजे तीन मिलिमीटरची झाली, बॉलपेनाच्या रिफिलएवढी.

आधी उच्चार. गेज. गॉज नव्हे. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज आपण सगळे बिनचूक म्हणतो, नेरळ-माथेरानच्या गाडीला कोणी नॅरोगॉज म्हणत नाही, मग बंदुकीपाशी येऊनच स्पेलिंग बघून जीभ का वळते कळत नाही. गॉज म्हणजे जखमेवर ठेवतात ते जाळीदार कापड, तो शब्दच वेगळा.

आता बारा कशाचे बारा. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या पाडा, त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर. वीस गोळ्या पाडल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी अरुंद, १५.६ मिलिमीटर. बाराची गोळी भरते साधारण ३८ ग्रॅम, विसाची २३ च्या आत, म्हणजे जवळजवळ दोन तोळे. सोळा बोरची तर बरोब्बर एक औंस, कारण पौंडात सोळा औंस. झालं. यात गूढ काही नाही आणि मराठी माणसाला तर हे शिकवायलाही नको, कारण हापूस आपण असाच विकत घेतो. चार डझनी पेटी आणि सहा डझनी पेटी यात मोठा आंबा कुठला हे विचारलं तर शाळेतलं पोरही चार डझनी सांगेल. पेटी तेवढीच, नग वाढले की फळ बारीक. इचलकरंजी-मालेगावकडच्या सुताच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, ऐंशी नंबरचं सूत चाळिसापेक्षा बारीक असतं, आणि तिथेही हिशेब त्याच इंग्रजी पौंडाचा आहे, एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो काउंट. म्हणजे पौंड तोच, एकाने गोळ्या मोजल्या आणि दुसऱ्याने लडी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, चोवीस बोर ही बारा बोरच्या निम्मी रुंद नसते. वजन निम्मं होतं, रुंदी नाही. रुंदी निम्मी व्हायची तर गोळीचं वजन आठवा हिस्सा व्हायला लागतं, म्हणजे शहाण्णव बोरपर्यंत जावं लागेल. आणि "फोर टेन" म्हणतात ती गेज नाहीच, ते खरोखर इंचातलं माप आहे, पॉइंट चारशे दहा इंच. तिला "चारशे दहा गेज" म्हणू नका.

बोर की गेज? इंग्लंडात बोर म्हणतात, अमेरिकेत गेज, आपल्याला राज्य इंग्रजांचं मिळालं म्हणून बोर मिळालं, आणि ते इतकं रुजलं की परवान्यावर तेच, पंचनाम्यात तेच, गावात तेच. बोर म्हणजे पाडलेलं भोक. मराठवाड्यात शेतात "बोर मारली, तीनशे फुटांवर पाणी लागलं" म्हणतात तीच ही बोर, एकच शब्द, एक जमिनीत आणि एक लोखंडात. गेज म्हणजे माप, मापायची काठी. त्यामुळे मराठीत बारा बोर हाच शब्द धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. "नलिकाव्यास", "नळीमान" असले शब्द कोणी सुचवतात तेव्हा मला राग येतो, कारण ते चुकीचेसुद्धा आहेत, हा आकडा व्यास सांगतच नाही, गोळ्यांची संख्या सांगतो. आणि कृपा करून खायच्या बोराशी नातं लावू नका, ते बोर संस्कृत बदरावरून आलंय, त्याला इंग्रजी ड्रिलशी घेणं नाही.

पण फळाचा विषय निघालाच आहे तर खरी गंमत बोरात नसून बंदुकीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

बंदूक हा शब्द अरबी बुंदुकवरून आला. बुंदुक म्हणजे काय? हेझलनट! काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला ग्रीक लोक पोंटस म्हणायचे, तिथून येणारं कवचाचं फळ ते पोंटिकॉन, म्हणजे पोंटसचं. तोच शब्द पूर्वेकडे जाता जाता बुंदुक आणि फुंदुक झाला, तुर्कस्तानात आजही हेझलनटला फिंदिक म्हणतात आणि जगात सगळ्यात जास्त हेझलनट त्याच किनाऱ्यावर पिकतात. आता फळ गोल, वाटोळं, बोटात धरता येईल एवढं, म्हणून त्या आकाराच्या मातीच्या गोळीलाही बुंदुक म्हणायला लागले. आणि ती गोळी मारायची कशाने? धनुष्याने. बाण नाही, गोळी. त्या धनुष्याचं नाव कौस अल-बुंदुक, गोळीचं धनुष्य, आणि त्याचं काम एकच, पक्षी मारणं! बगदादचा खलिफा अल-नासिर, ११८० ते १२२५ त्याची कारकीर्द, त्याने तर या गोळीधनुष्याने पक्षी टिपण्याला आपल्या वीरांच्या मंडळाच्या शिस्तीत बसवलं होतं, त्याचे नियम होते, दीक्षा होती.

म्हणजे बघा ताई, तुम्ही साउथ डकोटात पक्ष्यांसाठी बंदूक निवडताय आणि बंदूक हा शब्दच मुळात पक्ष्यांसाठीच्या गोळीचा आहे. दारू नाही, नळी नाही, चाप नाही, नुसती गोळी. पुढे दारूने गोळी उडवणारी नळी आली तेव्हा गोळीचं नाव हत्याराला चिकटलं. माझं म्हणणं त्यामुळे असं आहे की शब्दाच्या मुळाशी सगळ्यात इमानी अशी बंदूक कुठली असेल तर ती ही बारीक छर्रे उडवणारी बारा-वीस बोरची बंदूक, रायफल नव्हे.

काही अभ्यासक म्हणवणारे ठासून सांगतात की बंदूक हे व्हेनिस शहराच्या नावावरून आलं, कारण अरबीत व्हेनिसला अल-बुंदुकिय्या म्हणतात आणि अरबीत बंदुकीलाही बुंदुकिय्याच म्हणतात, म्हणजे व्हेनिसहून बंदुका आल्या असणार. ऐकायला फार छान. पण इजिप्तचा सुलतान बैबर्स घ्या, १२६० ते १२७७ राज्य केलं, त्याला अल-बुंदुकदारी म्हणायचे, कारण तो आधी ज्या सरदाराचा गुलाम होता तो सरदार बुंदुकदार होता, म्हणजे सुलतानाचं गोळीधनुष्य सांभाळणारा अधिकारी. तेव्हा व्हेनिसमध्ये हातातली बंदूक कुठे होती? युरोपात त्या चौदाव्या शतकात दिसायला लागतात. शब्द आधी, व्हेनिसची बंदूक नंतर, मग बाप कोण आणि लेक कोण? ही दोन नावं अरबीत योगायोगाने सारखी झाली, शहराचं नाव वेनेती लोकांवरून आलं, बास. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैबर्सच्या नावाचा खुलासा करावा, मला अजून एकानेही केलेला नाही. आणि बंदूक संस्कृत "बंध"वरून काढणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही, बांधायचं काय आहे त्यात?

हेच गोळीधनुष्य आपल्याकडेही होतं, आणि त्याचं नाव आपल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. गलोल! आज गलोल म्हटलं की वाय आकाराची फांदी आणि सायकलच्या ट्यूबचं रबर डोळ्यासमोर येतं, पण रबर आलं कधी? त्याआधी गलोल, हिंदीत गुलेल, हे मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य होतं, दोरीच्या मधोमध गोळी धरायला छोटी जागा, आणि पाखरं उडवायला किंवा मारायला ते वापरायचे. गुलेल फारसीतल्या गोळीच्या शब्दावरून आला. काही जण त्याला मागे ओढत संस्कृत गुडापर्यंत नेतात, मला फारसी पुरेशी वाटते. तर एका बाजूला अरबी बुंदुक म्हणजे गोळी, दुसऱ्या बाजूला फारसी गुलेला म्हणजे गोळी, दोन्हींची हत्यारं झाली, एक पोरांच्या हातात राहिलं आणि एकावर परवाना लागला. गलोल आणि बंदूक हे शब्द सख्खे नसले तरी एकाच घरातले आहेत, आणि बारा बोरमधला बाराही गोळ्यांचाच आकडा. नाव गोळीचं, माप गोळीचं! मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

काडतूस मात्र पोर्तुगीज, कार्तुशो, मूळ इटालियन कागदाच्या पुडीवरून, त्यात काडी नाही आणि तूसही नाही.

बरं, ताईंचा प्रश्न. बारा की वीस. फेझंट हा कोंबड्याएवढा, मजबूत पक्षी, मूळचा चीनकडचा, अमेरिकेत १८८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये सोडला आणि आता साउथ डकोटाचा राज्यपक्षी आहे. बारा बोरच्या काडतुसात सव्वा औंस छर्रे सहज मावतात, विसात एक औंसाच्या आसपास, त्यामुळे लांबून मारायचं तर बारा बोर बरी. पण वीस बोर हलकी असते, खांद्याला धक्का कमी, आणि तिथे दिवसभर मक्याच्या कापणी झालेल्या शेतातून आणि गवतातून चालायचं असतं. पहिल्यांदाच जाताय, कुत्रे पक्षी जवळून उठवणार, तर वीस घ्या. छर्रा सहा नंबरचा, शिशाचा, एका औंसात साधारण २२५ येतात. छऱ्याचा नंबरही उलटाच चालतो, पण तिथे गोळ्या मोजत नाहीत, सतरातून नंबर वजा करा म्हणजे इंचाच्या शंभराव्या हिश्शात जाडी मिळते, सहाचा छर्रा अकरा शतांश इंच. बदकांवर शिसं चालत नाही, १९९१ पासून अख्ख्या अमेरिकेत बंदी आहे, आणि काही सरकारी जमिनींवर फेझंटलाही चालत नाही, ते आधी विचारा. (हे सगळं तिकडचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटलेला आहे, आणि ते योग्यच झालं.)

एक जिवाशी गाठ असलेली गोष्ट. विसाची काडतुसं पिवळी असतात. ती उगाच नाही. विसाचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत टाकलं तर ते पुढे घरंगळून नळीत अडकतं, मागे दुसरं बाराचं बसतं, दिसायला सगळं ठीक, आणि चाप ओढला की नळी फुटते. मित्रांकडे बारा आणि तुमच्याकडे वीस असेल तर खिसे वेगळे ठेवा, काडतुसं उसनी देऊ-घेऊ नका.

दुकानात ट्वेंटी गेज म्हणा, बाबांना फोनवर वीस बोर म्हणा. वीस एमएम म्हणू नका, वीस एमएमची तोफ असते आणि ती लढाऊ विमानावर बसवतात.