‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी: जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पाचपैकी तीन पत्रांत एकच वाक्य आहे: ‘गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स गेला.’ माझ्याकडे तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य घेऊन येणाऱ्या कितीतरी गाड्या गिअरबॉक्स न उतरवताच परत जातात. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. ते सगळ्यांनीच वाचावं.

माझी होंडा सिटी ऑटोमॅटिक २०११ ची आहे, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. सकाळी पहिल्यांदा ‘डी’ (ड्राइव्ह) टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग गाडी हिसका देऊन निघते. गरम झाल्यावर त्रास कमी होतो. गॅरेजने १ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलल्याचं आठवत नाही. (कासारवडवली, ठाणे)

अजून एक रुपयाही देऊ नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइलच्या दाबावर चालतो. ‘डी’ टाकला की पंपाचं ऑइल एका पिस्टनला ढकलतं, पिस्टन क्लच प्लेटा दाबतो आणि चाकाला ताकद मिळते. त्या पिस्टनला रबरी सील असतात. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतात, थंड असताना नीट बसत नाहीत आणि दाब गळतो. गाडी तापली की ते थोडे नरम पडतात आणि त्रास कमी होतो. तुमच्या गाडीचं लक्षण एक तर याकडे बोट दाखवतंय, नाही तर कमी पडलेल्या, थकलेल्या ऑइलकडे. दुसऱ्याचा इलाज स्वस्त आहे, म्हणून आधी तो करायचा.

लेव्हल बघण्याचीही रीत आहे. गाडी सपाटीवर ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. मग बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक काढा. बरेच जण थंड गाडीत बघतात आणि ‘लेव्हल बरोबर आहे’ म्हणून मोकळे होतात. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. लालसर किंवा तांबूस असेल आणि पसरत गेला तर ठीक. काळा ठिपका एकाच जागी बसला आणि करपलेला वास आला, तर क्लच प्लेटा जळू लागल्या आहेत.

ऑइल काढताना स्वतः हजर राहा. ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखा करडा लेप असेल तर घाबरू नका, एक लाख किलोमीटरची ती नेहमीची झीज आहे. लेप चिमटीत घेऊन चोळा. बोटाला टोचणारे कण किंवा चमकणारे तुकडे लागले, तर मात्र आत काहीतरी तुटलंय आणि कोटेशनवर बोलायला हरकत नाही.

एका वेळी साधारण अडीच लिटरच ऑइल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि वाहिन्यांत अडकून राहतं. त्यामुळे एकदा बदलून काम होत नाही. बदला, आठवडाभर चालवा, पुन्हा बदला, असं तीनदा. ऑइल होंडाचं डीडब्ल्यू-१ च घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा नको. इतकी वर्षं ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीनने प्रेशर फ्लश करायलाही माझा विरोध आहे. तळाशी बसलेला गाळ उसळून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कुठल्या क्लचकडे जाईल हे ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत जाऊ शकतो.

‘जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ ही भीती तुम्हालाही कोणीतरी घालेल. रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नाही, अशी अवस्था झाली की लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात. प्लेटा तोवर संपलेल्या असतात आणि दोष नव्या ऑइलवर येतो. तुमची गाडी स्लिप होत नाही, त्यामुळे ऑइल बदलण्याची वेळ हीच आहे.

हिसक्याचं आणखी एक स्वस्त कारण राहून जातं: इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन जागेवर धरून ठेवणारं रबर. बॉनेट उघडा, कोणालातरी ब्रेक घट्ट दाबून ‘डी’ आणि ‘आर’ टाकायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. इंजिन जागेवरून उसळलं तर रबर फाटलंय.

एवढं करूनही उशीर राहिला तर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा, सोलेनॉइड (ऑइलच्या वाटा उघडबंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) आणि प्रेशर स्विच तपासा, गेज लावून ऑइलचा दाब मोजा. कोटेशन देणाऱ्याला एवढंच विचारा: दाब किती आला आणि कोड कोणते आले? दोन्हींचं उत्तर नसेल, तर त्याने तुमच्या गाडीचा आजार अजून पाहिलेलाच नाही.

एक लक्षात असू द्या. माजिवडा ते गायमुख या पट्ट्यात रोज तासभर रांगत जाणारी गाडी हायवेच्या गाडीपेक्षा जास्त तापते, कारण कन्व्हर्टर ऑइल घुसळत राहतो आणि समोरून वारा मिळत नाही. पुस्तकात लिहिलेलं ऑइल बदलाचं अंतर अशा गाडीला लागू पडत नाही. मी ४० हजार किलोमीटरला बदलायला सांगतो.

२००९ ची ऑटोमॅटिक सेडान. रेडिएटरमध्ये पाणी कमी होत होतं म्हणून दाखवली, तर गिअरबॉक्सचं ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखं निघालं. नुसतं ऑइल बदलून चालेल का? (खारघर)

नाही, आणि आजपासून ती गाडी चालवू नका.

अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आतून फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. क्लच प्लेटेवरचं अस्तर कागदी लगद्यासारख्या पदार्थाचं असतं आणि ते लोखंडी चकतीवर चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंट मुरलं की ते सुटायला लागतं. एक-दोनदाच गाडी चालली असेल आणि लगेच लक्षात आलं असेल, तर रेडिएटर बदलून आणि ऑइल पुन्हापुन्हा धुऊन काढून वाचल्याची उदाहरणं आहेत. तुमचं पाणी ‘कमी होत होतं’, म्हणजे हे काही आठवडे चाललंय. गिअरबॉक्स उघडून प्लेटा आणि सील बदलावेच लागतील. रेडिएटर नवाच घाला, झाळून वापरू नका.

गिअरबॉक्स उघडून ओव्हरहॉल करावा, की कुर्ल्याहून कटिंगचा (भंगारात काढलेल्या गाडीतला) आणावा? कंपनीचा नवा परवडणारा नाही. (ऐरोली)

मोडलेला भाग एकच असेल आणि ऑटोमॅटिक उघडून बसवणारा अनुभवी माणूस जवळ असेल, तर ओव्हरहॉल. आतले गिअर, ड्रम, केसिंग तुटलं असेल तर कटिंगचा. सीव्हीटीचा (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) बेल्ट आणि पुली चरे पडून खराब झाल्या असतील, तरीही माझा कल पूर्ण असेंब्लीकडेच राहील. ते काम उघड्यावरच्या गॅरेजात नीट होत नाही.

कटिंगचा माल घेताना नुसतं ‘याच मॉडेलचा आहे’ हे पुरत नाही. केसिंगवरचा कोड तुमच्या जुन्या गिअरबॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. त्याच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत सेन्सर आणि सॉकेट वेगळे निघतात. चालू गाडीतून काढलेला, शक्य तर तुमच्यासमोर चालवून दाखवलेला घ्या. कन्व्हर्टर त्याच्यासोबतचाच हवा. ऑइलचं तोंड उघडून वास घ्या. पुरात बुडालेल्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेरून धुऊन चकचकीत केलेला असतो, पण सॉकेटच्या पिनांवरचा हिरवा गंज धुतला जात नाही. पिना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका आणि बिलावर वॉरंटीचे दिवस लिहून घ्या.

बसवताना दोन गोष्टी. कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलायचा असतो, तो टप्प्याटप्प्याने ‘टक’ आवाज करत पंपात बसतो. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले तर नवा आणलेला पंप तिथेच फुटतो. दुसरं म्हणजे ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एक ओव्हरहॉल केलेला गिअरबॉक्स नळ्या न धुता बसवला होता. जुन्या प्लेटांचा चुरा त्यातून नव्या व्हॉल्व्ह बॉडीत गेला आणि गाडी तीन आठवड्यांत परत आली. मी तो पदरमोड करून पुन्हा उघडला. तेव्हापासून दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत मी कूलर धुवत नाही, बदलतोच.

आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे तसाच गिअरबॉक्स बदलल्याने आरसीत काही फरक पडत नाही. पण ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल घालण्याच्या फंदात पडू नका.

सेलेरिओ एएमटी, २०१५. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये करपल्याचा वास येतो आणि गाडी उचलत नाही. हाही गिअरबॉक्सच का? (भाईंदरपाडा)

बहुतेक क्लच. एएमटीमध्ये आत मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबण्याचं काम यंत्र करतं. चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की अर्धा क्लच घासत राहतो. ब्रेकवर धरा, पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांचं अंतर मिळाल्यावरच सोडा. क्लच सेट बदलल्यावर स्कॅनरने कॅलिब्रेशन केलंय ना, हे विचारा. ते न करता गाडी हातात दिली, तर नव्या क्लचलाही हिसके येतील.

वडिलांची ऑटोमॅटिक गाडी पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची होईल. गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्मा आहे. त्यांचा डावा गुडघा दुखतो, मॅन्युअल जमत नाही. खर्च करावा का? शिवाय ती सध्या नेरूळला बंद पडलीय, दोरी लावून तुर्भ्यापर्यंत आणू का? (सीवूड्स)

बाजारभावाशी तुलना करून हा हिशेब सुटत नाही. त्याच पैशात वडिलांना दुसरी भरवशाची ऑटोमॅटिक मिळेल का, हे बघा. बहुधा मिळणार नाही. जी मिळेल तिच्या गिअरबॉक्सचा इतिहास तुम्हाला माहीत नसेल, या गाडीचा आहे.

आधी चेसिस बघा. खाडीच्या हवेत पाम बीच परिसरातल्या गाड्या खालून गंजतात. लिफ्टवर चढवून सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं, तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचा. पत्रा दबला तर गिअरबॉक्सवर पैसे घालू नका. पत्रा खणखणीत असेल आणि इंजिन ऑइल पीत नसेल, तर मी खर्च करेन. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. तेही हिशेबात धरा.

दोरी मात्र अजिबात लावू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, त्यामुळे ‘न्यूट्रल’मध्ये ओढली तरी आतले भाग ऑइलशिवाय फिरतात. आज जो दुरुस्त होण्यासारखा आहे, तो वाटेतच भंगार होईल. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड बोलवा. तो येईपर्यंत कोणी ‘जरा ढकलून बघू’ म्हणालं, तर वडिलांना चावी खिशातच ठेवायला सांगा.