देवाशी बोलणं खोटं आहे का?

प्रिय सानू,

परवा शाळेला निघताना तू विचारलंस, "आई, तू मला खोटं बोलू नकोस म्हणतेस. पण देव आहे की नाही हे तुला नक्की माहीत नाही, असं तूच म्हणालीस. मग रोज सकाळी हात जोडून त्याच्याशी बोलतेस, ते खोटं नाही का?" तेवढ्यात बस आली आणि तू गेलीस. मला ते लागलं. तू उद्धटपणे विचारलं असतंस तर सोपं होतं; तू अगदी मनापासून विचारलंस. समोरासमोर बोलायला बसले तर मी सारवासारव करीन, म्हणून लिहिते आहे. मराठीतच लिहिते, अडलीस तर बाबांना विचार.

तुला मोठ्या आजीचं सांगते, म्हणजे माझ्या आजीचं. फोटोत ती नेहमी कपाळावर आठ्या घालून बघते ना, ती.

२१ सप्टेंबर १९९५. मी पाचवीत होते. पितृपंधरवडा चालू होता, गणपती बसून विसर्जनही होऊन गेले होते. त्या दिवशी पहाटे दिल्लीहून बातमी निघाली की गणपती दूध पितो. तेव्हा मोबाइल नव्हते, तरी दुपारपर्यंत वर्ध्यात सगळ्यांना कळलं होतं, आणि रात्रीपर्यंत लंडनमधल्या देवळांतूनही तेच ऐकू आलं. देवळाबाहेर बायका दुधाची भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. आमच्या घरी देव्हाऱ्यात वीतभर उंचीचा पितळी गणपती होता. माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, त्याला ताम्हणात ठेवला, चमचा सोंडेला लावला, आणि चमच्यातलं दूध खरोखर कमी होत गेलं. मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला होता. मग मी दिलं, शेजारच्या काकूंनी दिलं. सगळ्यांचे चमचे रिकामे.

मोठी आजी बाजूला बसून बघत होती. सगळ्यांचं झाल्यावर ती उठली, गणपती दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला आणि ताम्हण उजेडाकडे तिरकं केलं. तळाशी दूध साचलं होतं. मूर्तीच्या पोटावरून पायापर्यंत ओली, बारीक धार उतरलेली दिसत होती. "दूध तं इथं आहे बाप्पा," ती म्हणाली. एवढंच.

पुढे दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं. पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीमुळे, ते चमच्यातून ओढलं जातं आणि पांढऱ्या दगडावर ते वाहताना दिसतही नाही. मोठी आजी चौथी शिकलेली, तिला पृष्ठताण काय माहीत असणार! पण संध्याकाळी बायका विचारायला आल्या, "तुमच्याकडे पेला का?", तेव्हा तिने सरळ सांगितलं, "नाही पेला." एकजण म्हणाली की मग तुमची श्रद्धाच कमी पडली असेल. आजी काही बोलली नाही. नंतर मी तिला विचारलं, तू हो का नाही म्हणालीस, सगळेच तर हो म्हणत होते. ती म्हणाली, "त्याच्याच घरात बसून त्याच्याबद्दल खोटं सांगू का?"

आणि दिवेलागणीला तिने नेहमीसारखा त्याच गणपतीपुढे दिवा लावला.

सानू, मला त्या वयात हे काही केल्या जुळवता येईना. तुला आज जे कोडं पडलंय, जवळजवळ तेच होतं. देव दूध पीत नाही हे मान्य, मग दिवा कशाला?

तिचं सगळंच तर्काला धरून होतं असंही नाही. महिन्याभरातच, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. आजीने पाण्यात तुळशीची पानं टाकली, चूल पेटवली नाही, आत जप करत बसली. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पुठ्ठ्याला भोक पाडून मला अंगणात उभं केलं आणि कोरीसारखा सूर्य भिंतीवर दाखवला. कडुनिंबाच्या पानांतून पडणारा प्रत्येक कवडसाही तसाच, कोरीचा झाला होता. आजी दारापर्यंत आली, ते बघून "सुंदर आहे" म्हणाली आणि परत आत जाऊन माळ ओढू लागली. ग्रहण सुटल्यावर अंघोळ केली. या बाबतीत मी तिची बाजू घेत नाही. तुळशीच्या पानांनी काही होत नाही, हे मला पटतं.

आबाजी देव मानत नसत. पण नास्तिक म्हणून मिरवतही नसत. देवळात जायचेच झाले तर वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरात जात. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये ते अस्पृश्यांसाठी उघडलं होतं. आबाजी म्हणत, मी देव बघायला येत नाही, दार बघायला येतो. सेवाग्राम आमच्यापासून जवळ, रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचे. तिथे गांधीजींच्या प्रार्थनेची जागा आहे. उघडं मैदान, वर झाड, मूर्ती नाही. तिथे बसून त्यांनी मला गोरांची गोष्ट सांगितली होती.

गोरा म्हणजे आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव. पक्के नास्तिक, आणि अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्यभर काम करणारे. १९४४ मध्ये ते सेवाग्रामला येऊन गांधीजींशी देवावर बोलले. दोघांनी एकमेकांचं मत बदललं नाही, पण एकमेकांना सोडलंही नाही. गोरांच्या मुलीचं लग्न आश्रमात करायचं ठरलं तेव्हा गांधीजी कबूल झाले की शपथ ईश्वराच्या नावाने नको, सत्याच्या नावाने घेऊ. ते लग्न होईपर्यंत गांधीजी राहिले नाहीत. मार्च १९४८ मध्ये, त्यांच्यामागे, ते सेवाग्रामलाच लागलं.

हे गांधीजींनी पाहुण्याचं मन राखायला केलं नव्हतं. आधी ते म्हणत, ईश्वर सत्य आहे. नंतर म्हणू लागले, सत्य हाच ईश्वर. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कुणीतरी याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं होतं: देव नाकारणारे पुष्कळ भेटतात, पण सत्य हवंच हे नास्तिकही नाकारत नाही. आबाजींना हे फार आवडायचं. म्हणायचे, तुझी आजी आणि मी याच एका ओळीवर संसार करतो.

मला मात्र ते पुरेसं वाटत नसे. सत्य हाच देव असेल तर सत्यालाच धरा की, गणपती कशाला? हा प्रश्न मी मोठी होईपर्यंत जवळ ठेवला. त्याचं उत्तर मिळालं असं नाही, पण धाकट्या काकांच्या वेळी काहीतरी दिसलं.

धाकटे काका म्हणजे फोटोतले मिशीवाले, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. ते आजारी पडले, नागपूरला उपचार चालू होते. आजीने केळझरच्या गणपतीला नवस बोलला. आबाजी नवसाच्या पूर्ण विरुद्ध, तरी एसटीने तिला घेऊन गेले, आणि ती आत असताना तिच्या चपला सांभाळत बाहेर बसून राहिले. काका वाचले नाहीत.

काही महिन्यांनी आजी पुन्हा केळझरला निघाली. मी कॉलेजात होते, मला राग आला. मी म्हटलं, आता कशाला? त्याने तुझं ऐकलं का? ती पदर नीट करत होती. म्हणाली, "नाही ऐकलं. मी मागितलं, त्यानं नाही देल्लं. मले राग आहे त्याचा. तो राग त्याले सांगाले तरी जावं लागते ना."

त्या दिवशीही आबाजी तिच्यासोबत गेले.

यावर मी नंतर खूप विचार केला. माझा मुलगा बरा होईल असं तिने स्वतःला फसवून म्हटलं नाही, तो गेला ही देवाचीच इच्छा असंही म्हटलं नाही. जे झालं ते झालं तसं, त्याच्या तोंडावर सांगितलं. ती ज्याच्याशी बोलत होती तो होता का? मला माहीत नाही. पण ती जे बोलत होती ते खरं होतं, याबद्दल मला शंका नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर साधारण असं. सकाळी हात जोडते तेव्हा मी "तू आहेस" असं म्हणत नाही. कशाची भीती वाटते ते सांगते. तिकडे तुझ्या आजीचे गुडघे दुखतात, आणि मी इथे इतक्या लांब, ते सांगते. तू रात्री उशिरापर्यंत जागतेस तेही. त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. माणसांसमोर मी जे झाकते ते तिथे झाकत नाही.

पण हे लिहितानाच वाटतं, ही पळवाट तर नाही? आबाजींना असं कुणी लागलं नाही. ते तेवढेच सरळ जगले, तेवढेच रडले काका गेल्यावर, आणि भिंतीकडे तोंड करून एकटेच बसले. मला तसं बसता आलं नसतं म्हणून मी देव धरून ठेवला असेल, हे शक्य आहे. खूप शक्य आहे. परदेशात आल्यावर तर माझं हात जोडणं वाढलंय, ते बाबांनीही ओळखलंय. त्यात श्रद्धा किती आणि वर्ध्याची आठवण किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही.

तू आबाजींच्या वळणावर गेलीस तरी मला चालेल. खरंच चालेल, मनाला समजावत म्हणत नाही. फक्त माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस. गणपतीत आरतीला उभं राहायचं नसेल तर राहू नकोस, आतल्या खोलीत वाचत बस, पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघीन. आणि उभी राहिलीस तर नुसते डोळे मिटून दाखवू नकोस, मोठ्या आजीला ते चाललं नसतं.

एक मात्र कर. रविवारी फोनवर तुझ्या आजीला त्या दुधाच्या दिवसाबद्दल विचार. ती आजही म्हणते की तिच्या चमच्यातलं दूध गणपती प्यायलाच, आणि ताम्हणातलं ते शेजारच्या काकूंचं सांडलेलं. ती खोटं बोलत नाही, तिने जे पाहिलं ते सांगते. मी तिच्याशी यावर कधी वाद घातला नाही. तू घालणार असशील तर जरा हळू घाल, आणि ती काय म्हणाली ते मला येऊन सांग.

तुझी,
आई