बंगल्याच्या आवारातली जुनी झाडं काढायला परवानगी कशी मिळते? शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर अर्ज अडतो का?

तुम्ही लिहिलंय की आवारात तीन जुनी झाडं आहेत, गच्चीवर पानांचा खच पडतो, मुळांनी कुंपणाची भिंत फुगलीय आणि शेजारचे गृहस्थ आत्तापासूनच 'अर्ज करून तर बघा, हरकत घेतो' म्हणून बसलेत. या शेजाऱ्यांच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला घेतलं.

नुसत्या हरकतीने अर्ज अडत नाही. हरकत नोंदली जाते, विचारात घेतली जाते, आणि झाड खरोखर धोकादायक असेल तर परवानगी मिळते. पण 'पानं पडतात' एवढंच कारण असेल तर शेजाऱ्यांच्या आधी मी हरकत घेईन. गच्ची झाडायला माणूस लावा.

आमच्या फाटकापाशी गुलमोहर होता. घर बांधलं त्या वर्षी आईने लावलेला, तिशी केव्हाच ओलांडलेला. मे महिन्यात त्याच्याखाली उभं राहिलं की वर फक्त लाल दिसायचं. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेने ड्रेनेजची लाइन टाकली, तेव्हा त्या बाजूची मुळं जेसीबीने सरळ तोडली आणि वरून बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं. मी तेव्हाच भांडले होते. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, झाडाला काय होतंय, हिरवं आहे की. दोन-तीन पावसाळे काहीच दिसलं नाही. मग बुंध्याच्या तळाशी, जमिनीलगत, एक भूछत्र आलं. पावसाळ्यात उगवून चार दिवसांत वितळणारं नाही. हे लाकडासारखं टणक होतं, वरून तपकिरी, कडेला पांढरी किनार, हाताने ओढलं तरी निघेना. आजूबाजूच्या फरशीवर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ बसायची. पुसली की दुसऱ्या दिवशी परत. ते गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी. तो बुंध्यावर दिसायला लागतो तोवर आतलं लाकूड बऱ्याचदा कुजून गेलेलं असतं. मग एका दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, मांडीएवढी फांदी फाटकावर पडली. त्या फाटकातून माझी सासू रोज देवळात जाते.

आमचे मोठे दीर तेव्हा म्हणाले, परवानगीच्या भानगडीत कशाला पडतेस, बुंध्यात भोक पाडून हिंग भर, आपोआप वाळेल. आणि अर्ज करायचाच असेल तर मागचा आंबाही त्यात घाल, एका खर्चात दोन्ही जातील, गाडीला जागा होईल. मी दोन्हीला नाही म्हणाले. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात, झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणं नव्हे. जाळणं, इजा करणं हेही त्यातच येतं. हिंग भरा, अॅसिड ओता, गोल साल काढा, सगळं तोडच. झाड तुमच्या जागेत आहे, तुमच्या आईने लावलंय, याने काही फरक पडत नाही. आणि आंबा ठणठणीत होता. निरोगी झाड आजारी झाडाच्या अर्जात घुसडलं की पाहणीला आलेला माणूस दोन्हींकडे संशयाने बघतो. त्याने तसं बघायलाच हवं.

अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे. प्रॉपर्टी कार्ड, कराची पावती, आवाराचा नकाशा आणि त्यावर झाडाची जागा, फोटो. फोटो लांबून एक आणि जवळून पाच-सहा घ्या: भूछत्र, ढोली, फाटलेली फांदी, तडा, झुकाव. 'झाड जुने व धोकादायक आहे' एवढं एक वाक्य लिहून लोक गप्प बसतात, आणि मग साहेब लक्ष देत नाहीत म्हणून ओरडतात. धोका कशाचा, कुणाला, कुठल्या बाजूला, हे लिहा. पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा.

मग पाहणीला एक उद्यान सहायक आले. तरुण होते, कमी बोलायचे. टेपने बुंध्याचा घेर मोजला, मग हातोडीने बुंधा ठोकत खालून वर, चारी बाजूंनी फिरले. एका बाजूला आवाज भरीव, रस्त्याच्या बाजूला पोकळ, माठावर टिचकी मारल्यासारखा. तिथे त्यांनी पातळ सळई टेकवली आणि जोर न लावता ती वीतभर आत गेली. माझ्याकडे न बघता वहीत काहीतरी लिहिलं. मागचा आंबा स्वतःहून बघितला आणि म्हणाले, याच्या घराकडच्या दोन फांद्या हलक्या करा, त्याचीही परवानगी घ्या, बाकी हात लावू नका. अगदी माझ्या मनातलं बोलले.

त्यानंतर झाडावर नोटीस लागली. पेपरातही जाहीर सूचना येते आणि हरकतींसाठी सात दिवस असतात. आमच्या शेजारच्या काकांनी सहाव्या दिवशी लेखी हरकत दिली. काका निवृत्त आहेत, झाडांवर खरं प्रेम आहे त्यांचं, समोरच्या दुभाजकातली रोपं उन्हाळ्यात बादलीने जगवतात. त्यांनी लिहिलं: झाड दर वर्षी फुलते, हिरवेगार आहे, जिवंत झाडाची हत्या होत आहे.

मला ती हरकत आली याचं वाईट वाटलं नाही. नोटीस त्यासाठीच तर असते. प्रश्न फुलण्याचा आहे, कारण तुमचे शेजारीही नेमकं हेच लिहिणार. झाड आतून पोकळ असूनही फुलतं. पाणी वर नेणारं जिवंत लाकूड आणि अन्न खाली आणणारी साल, दोन्ही बाहेरच्या अंगाला असतात. मधला गाभा मेलेल्या पेशींचाच असतो. त्याचं काम उभं धरून ठेवण्याचं. गॅनोडर्मा खातो तो आधार. म्हणून पालवी झाडाच्या भुकेबद्दल सांगते, ते वाऱ्यात टिकेल का याबद्दल काहीच सांगत नाही. उलटही खरं आहे: बुंध्यात ढोली दिसली म्हणजे झाड पाडायलाच हवं, असं मुळीच नाही. भोवतालची भिंत जाड आणि सलग असेल तर पोकळ वड, चिंच कित्येक वर्षं उभे राहतात, आणि त्या ढोलीत पोपट-पिंगळे राहतात. आमच्या गुलमोहराची एका बाजूची भिंत राहिलीच नव्हती आणि त्याच बाजूची मुळं तोडलेली होती. गुलमोहर मुळात मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. त्याला एवढं पुरतं.

परवानगी मिळाली. तरीही लगेच कुऱ्हाड लावता येत नाही. परवानगी दिल्यावर पंधरा दिवस थांबावं लागतं, म्हणजे कुणाला दाद मागायची तर मागता येते. काकांनी मागितली नाही. झाड कापलं त्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावलं. बुंधा आडवा झाला तेव्हा मधे भुसभुशीत तपकिरी चुरा होता, तो माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या चपलेवर सांडला. रस्त्याच्या बाजूला सालीला लागून जेमतेम दोन बोटं लाकूड. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, पण फुलत होतं. आणि घरी गेले.

हेही मी मनावर घेतलं नसतं. पण तेव्हापासून ते कॉलनीत सांगतात की आम्ही पैसे चारून परवानगी काढली. हे मला लागतं. मी एक रुपयाही कुणाला दिलेला नाही. शुल्क आणि अनामत भरली, त्यांच्या पावत्या कपाटात आहेत, ज्याला बघायच्या त्याने याव्या. पाहणी करणारा तो मुलगा आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायला नाही. परवानगी मिळाली की पैसे चारले आणि नाकारली की नियमाने झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यामुळे लोक रात्रीत झाडं उडवतात. प्रामाणिकपणे अर्ज करूनही चोरच ठरणार असू तर अर्ज कोण करेल? ही गोष्ट काकांना मी तोंडावर सांगितली आहे, इथेही सांगते. झाडाची एवढी काळजी होती तर बुंध्याला काँक्रीट चिकटलं तेव्हा लिहायचं होतं पत्र. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. त्या आदेशाचं कात्रण दाखवून मी आमच्याकडे भांडत होते तेव्हा सह्या करायला कॉलनीतलं कुणीही आलं नाही, काकाही नाहीत.

आता तुमचं. तीन झाडांचा एक अर्ज करू नका. प्रत्येक झाडापुढे त्याचं स्वतःचं कारण लिहा, आणि ज्याला कारण नाही ते सोडून द्या. भिंत फुगलीय तर आधी भिंतीचं बघा: तेवढा भाग पाडून मुळाला वळसा घालून बांधता येतो, नाहीतर मुळावरून आडवी तुळई टाकून वर जाळी लावता येते. गवंड्याने 'मूळ तोडून टाकू' म्हटलं तर त्याला थांबवा. बुंध्याजवळचं जाड मूळ तोडलं की आज नसलेला धोका तुम्हीच तयार करता. निम्म्या लोकांना तोडायची परवानगी नकोच असते, छाटणीने काम होतं. पण छाटणीलाही परवानगी लागते, आणि शेंडा उडवून झाडाचा खुंट करणं ही छाटणी नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज टाका. मे उजाडला की सगळ्या गावाला आपलं झाड धोकादायक वाटायला लागतं.

शेजाऱ्यांना अर्ज करण्याआधी आवारात बोलवा, झाड दाखवा, भूछत्र असेल तर हात लावून बघू द्या. हरकत घेणार असतील तर घेऊ द्या, फक्त हरकतीत झाडाबद्दल लिहा म्हणावं, तुमच्याबद्दल नको.

एक-दोन गोष्टी राहिल्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष धरतात आणि त्याचे नियम बरेच कडक आहेत. 'जुनी' म्हणजे किती जुनी ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच दुरुस्तीने, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची जबाबदारी येते. आमच्या आवारात एक ताम्हण आणि एक बकुळ मावली, बाकीची पालिकेने दिलेल्या जागेत लावली. अनामत किती, फॉर्म ऑनलाइन की कागदावर, हे पालिकेपालिकेत वेगळं असतं, तिथेच विचारा. आणि तुमचा बंगला पालिका हद्दीबाहेर असेल तर मी वर सांगितलेला कायदा लागू नसेल. तिथे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा बघावा लागतो, त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग ही घराघरातली झाडं आहेत, आणि लाकूड हलवायला वेगळा पास लागू शकतो. वन विभागाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय लाकूड टेम्पोत चढवू नका. कापायच्या दिवशी सकाळी घरटी बघा. पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, परवानगी हातात असली तरी.