भारत घरच्या मैदानावर कसोटी हरतो, तेव्हा सामने फिक्स असतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2024 मध्ये न्यूझीलंडने आपल्याला घरात 3-0 ने धुतलं, 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेने 2-0 ने. फॉर्म हरवलेली मोठी नावं संघात राहतात, रणजीत खोऱ्याने धावा काढणारे बाहेर बसतात. मग हे सगळं ठरवून चाललंय का, आणि कसोटी बघण्यात आता काही अर्थ उरलाय का?

या पराभवांना मी फिक्सिंग म्हणणार नाही. फिक्सिंग होतच नाही असं मानणारा मी नाही. फिक्सिंगचा ज्याच्याशी संबंध निघाला असा एक सामना मी मैदानात बसून पाहिलाय.

19 मार्च 2000, नागपूर. तेव्हा मी कॉलेजात होतो. सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) जुन्या मैदानावर भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामना होता. सिमेंटच्या पायऱ्या अशा तापल्या होत्या की बुडाखाली वर्तमानपत्राची जाड घडी घेऊन बसलो होतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता. आफ्रिकेची पहिली फलंदाजी आणि हर्षेल गिब्स सुटला होता. 53 चेंडूंत 74. पॉइंटच्या डोक्यावरून गेलेल्या एका फटक्याला शेजारच्या आजोबांनी, विरुद्ध संघाचा असूनही, टाळ्या वाजवल्या. आफ्रिकेने 320 केल्या, आपण 310 वर संपलो. दहा धावांनी हरलो, पण मॅच बघितल्याचं समाधान होतं. सायकल मारत घरी येईपर्यंत आम्ही गिब्सबद्दलच बोलत होतो.

जेमतेम तीन आठवड्यांनी, 7 एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि बुकीचं संभाषण हाती लागल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये केपटाऊनला या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या किंग आयोगापुढे गिब्सने कबूल केलं की नागपूरच्या त्या सामन्याआधी कर्णधाराने त्याला 15 हजार डॉलर देऊ केले होते, 20 च्या आत बाद होण्यासाठी. आणि तो 'हो' म्हणाला होता. गोलंदाज हेन्री विल्यम्सला 10 षटकांत 50 हून जास्त धावा द्यायच्या होत्या. त्याचा खांदा दुखावला आणि 11 चेंडू टाकून तो बाहेर गेला. गिब्स मैदानात उतरला आणि मनसोक्त खेळला.

त्या बातमीने मला आतून हलवलं. मी डोळ्यांनी पाहिलेली ती खेळी अगदी खरी होती आणि ती खेळणाऱ्याने आधीच सौदा मान्य केला होता. माझ्या डोळ्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं, दिसणं शक्यही नव्हतं. धावफलकावरून फिक्सिंग ओळखता येतं हा समज माझ्यापुरता तिथेच संपला.

त्याच वर्षी जानेवारीत सेंच्युरियनला काय झालं तेही बघा. आफ्रिका-इंग्लंड पाचवी कसोटी, आफ्रिकेने मालिका आधीच जिंकलेली. दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस पावसाने खाल्ला. पाचव्या दिवशी क्रोनिएने आफ्रिकेचा डाव 248 वर घोषित केला, मग दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून दिला आणि इंग्लंडपुढे 249 चं लक्ष्य आलं. इंग्लंडने दोन गडी राखून, शेवटच्या षटकात सामना जिंकला. कसोटीला असाच धाडसी कर्णधार हवा असं तेव्हा मीही सगळ्यांना सांगत होतो. नंतर कळलं की निकाल लागावा म्हणून एका सट्टेबाजाने गळ घातली होती आणि त्याबद्दल क्रोनिएला 53 हजार रँड आणि एक लेदर जॅकेट मिळालं होतं. त्या मोसमातली सगळ्यात रंगलेली कसोटी विकलेली निघाली.

आणि 2010 चं लॉर्ड्स, इंग्लंड-पाकिस्तान कसोटी. मोहम्मद आमिर तेव्हा 18 वर्षांचा होता. पाकिस्तानचा, आपला प्रतिस्पर्धी, पण त्याची डावखुरी गोलंदाजी बघताना मी देश विसरायचो. त्या डावात त्याने 84 धावांत 6 बळी घेतले. इंग्लंडचे आघाडीचे फलंदाज त्याच्यापुढे उभे राहू शकत नव्हते. त्याच डावात, त्याच हाताने, ठरवून दोन नोबॉल टाकले. तिसरा त्याचा साथीदार मोहम्मद असिफने टाकला. पाय रेषेच्या इतका पुढे की समालोचकही चक्रावले. तरी वर्तमानपत्राच्या वार्ताहराने वेश पालटून सापळा लावला नसता, तर आपण ते नोबॉल दुसऱ्या दिवशी विसरून गेलो असतो. पुढच्या वर्षी लंडनच्या न्यायालयाने कर्णधार सलमान बटला अडीच वर्षं, असिफला एक वर्ष आणि आमिरला सहा महिने तुरुंगवास दिला. या प्रकरणातलं मला सगळ्यात जास्त दुखतं ते आमिरचं. कर्णधार हा त्या वयाच्या पोराला घरच्या मोठ्या भावासारखा असतो, आणि इथे कर्णधारच त्या सौद्यात होता.

आता पुण्याजवळचं गहुंजे. 25 ऑक्टोबर 2024, न्यूझीलंडविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीचा दुसरा दिवस. कामामुळे मी आता पुण्यात असतो, रजा टाकून गेलो होतो. शुभमन गिल पायचीत झाला, कोहली आला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं. नवव्या चेंडूवर त्यांचा फिरकी गोलंदाज सँटनर याने फुलटॉस, म्हणजे टप्पा न पडता थेट येणारा चेंडू, टाकला. हवेत थोडा खाली बसणारा. कोहलीने आडवी बॅट फिरवली, चेंडू बॅटखालून गेला आणि दांडी गुल. एक धाव. कोहली काही क्षण तिथेच वाकून उभा राहिला, काय झालं हे त्यालाही उमगलं नसावं. माझ्या मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "काका, सेटिंग आहे सगळी. फुलटॉसवर कोहली आउट होतो का कधी?"

त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. ज्या खेळपट्टीवर चेंडू हातभर वळतोय तिथे फलंदाजाचं सगळं लक्ष टप्प्यावर असतं. डोळे जमिनीकडे, पाय अर्धवट पुढे. टप्पाच न पडलेला चेंडू आला की हात आपोआप जुन्या सवयीने फिरतात. फॉर्मात असलेला माणूस तोही चेंडू सरळ बॅटने मिडऑनला ढकलतो. फॉर्म गेला की आधी निर्णय जातो, फटके नंतर जातात.

सँटनरने त्या सामन्यात 13 बळी घेतले. त्याच मैदानावर, फेब्रुवारी 2017 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6 असे 12 घेतले होते. आपण 105 आणि 107 वर गडगडलो आणि 333 धावांनी हरलो. आठवतंय ना? आखाडा खेळपट्टी, म्हणजे चेंडू हातभर वळेल अशी, केली की समोरचा साधा फिरकी गोलंदाजही अश्विन-जडेजाच्या बरोबरीला येतो, त्याला फक्त चेंडू एका जागी टाकत राहायचं असतं. कोलकात्यात 2025 मध्ये आफ्रिकेविरुद्ध 124 चा पाठलाग करताना 93 वर कोसळलो, तेही याच आजाराने. न्यूझीलंडविरुद्धच्या त्याच मालिकेत बंगळुरूला 46 वर सगळे बाद झालो, त्याचं कारण वेगळं होतं. ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, मॅट हेन्रीने 15 धावांत 5 काढले, आणि खेळपट्टी ओळखण्यात चूक झाल्याचं रोहितने स्वतः मान्य केलं.

यातलं काहीही लपलेलं नाही. म्हणूनच 'सेटिंग आहे' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ते म्हटलं की सगळे सुटतात. अशी खेळपट्टी मागणारे सुटतात, फिरकी खेळण्याचा सराव न करणारे सुटतात आणि निवड समितीसुद्धा सुटते. उत्तर मागायचं तर त्यांच्याकडे मागायला हवं.

सचिनने ऑक्टोबर 2013 मध्ये, वयाच्या चाळिशीत, दोनशेव्या कसोटीच्या तोंडावर, हरयाणात लाहलीच्या हिरव्या खेळपट्टीवर मुंबईसाठी नाबाद 79 केल्या आणि रणजी सामना जिंकून दिला. कोहली 2012 नंतर थेट जानेवारी 2025 मध्ये रणजीत उतरला. रोहितही त्याच महिन्यात, जवळपास दहा वर्षांनी. मला दोघंही मनापासून आवडतात. कोहलीने कसोटी सोडली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. पण वळणाऱ्या चेंडूवर तासन्‌तास उभं राहण्याची सवय रणजीतच लागते आणि रणजीतच टिकते. मंडळाने (बीसीसीआय) रणजी खेळण्याची सक्ती ऑस्ट्रेलियात हरून आल्यावर केली. दोन वर्षं आधी करायला हवी होती.

आता निवड. इथे तुमच्या रागाशी मी बराचसा सहमत आहे, पण त्यालाही भ्रष्टाचार म्हणू नका. करुण नायरचं उदाहरण घ्या, आम्हा विदर्भवाल्यांच्या फार जवळचं. डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303. पुढच्याच कसोटीत तो बाहेर, कारण दुखापतीतून अजिंक्य रहाणे परतला होता. लोकांनी आरडाओरडा केला. पण रहाणेने त्याआधी दोन वर्षं देशाबाहेर अवघड ठिकाणी धावा केल्या होत्या, एका डावामुळे त्याची जागा काढून घेणंही अन्यायच झाला असता. त्या हैदराबाद कसोटीत रहाणेने 82 केल्या. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक पुढे झाली. नायरला आणखी तीन कसोट्या मिळाल्या आणि मग 2018 च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याला नुसतं बसवून ठेवलं. शेवटच्या ओव्हल कसोटीत जागा निघाली, तेव्हा मूळ संघात नसलेल्या हनुमा विहारीला खेळवलं. निवडलेल्या माणसाला डावलून मागवलेला माणूस खेळतो, तेव्हा त्याला कोणीतरी समोर बसवून कारण सांगायला हवं. भारतीय निवडीतला माझ्या मते सगळ्यात मोठा दोष हाच आहे, न बोलणं.

मुंबईचा फलंदाज अमोल मुझुमदारबद्दल मात्र कोणाला दोष द्यावा हे मला कधीच कळलेलं नाही. रणजी पदार्पणात 260, प्रथम श्रेणीत 11,167 धावा, 30 शतकं, आणि एकही कसोटी नाही. त्याच्या जागेवर सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकरांचे 589 बळी, पण त्याच जागेवर बिशनसिंग बेदी. ही माणसं चुकीच्या काळात जन्मली, एवढंच म्हणता येतं. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून मुझुमदार मैदानात होता. टीव्हीसमोर मी रडलो, खोटं कशाला सांगू.

मग भ्रष्टाचाराचं काय करायचं? तो पकडणं हे आपलं काम नाही, यंत्रणांचं आहे, आणि ते काम आता थोडंफार होतं. बुकीने संपर्क केला आणि खेळाडूने कळवलं नाही, तर तेवढाच गुन्हा पुरतो. बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर 2019 मध्ये याच कारणाने दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित होतं. झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरवर 2022 मध्ये साडेतीन वर्षांची. पण आपल्याकडे मॅच फिक्सिंगसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली, 2019 मध्ये श्रीलंकेने दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला कायदा करूनही टाकला, आपण तिथेच आहोत. मंडळाची बंदी न्यायालयात टिकेलच असं नसतं. भारताचा माजी कर्णधार अझरुद्दीन याच्यावर फिक्सिंगच्या आरोपावरून 2000 मध्ये आजीवन बंदी आली आणि 2012 मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. त्याच्या मनगटी फ्लिकवर माझं बालपण गेलं, आणि तो काळ आठवताना काय वाटून घ्यावं हे मला आजही ठरवता येत नाही. 'सगळंच फिक्स आहे' म्हणणाऱ्यांनी तोच जोर या कायद्यासाठी लावला तर मी त्यांच्यासोबत उभा राहीन.

कसोटी बघण्यात अर्थ आहे का? मार्च 2025 मध्ये सुट्टीला नागपूरला गेलो होतो. तिथल्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भ-केरळ रणजी अंतिम सामना सुरू होता. दुसऱ्या डावात विदर्भाकडून करुण नायरने 135 काढल्या. शतक झाल्यावर त्याने ड्रेसिंग रूमकडे बघून नऊ बोटं दाखवली, मोसमातलं नववं शतक. विदर्भाने करंडक उचलला. उन्हाळ्यात नायर आठ वर्षांनी कसोटी संघात परतला आणि इंग्लंडमध्ये चार कसोट्यांत त्याच्या 205 धावा झाल्या. पुढच्या मालिकेत वगळला. मला हळहळ वाटली, पण या वेळी ओरडलो नाही. संधी मिळाली होती, धावा झाल्या नाहीत, वय 33. पाच वर्षं आधी मिळाली असती तर वेगळं झालं असतं असं मला वाटतं.

पुढच्या हंगामात जामठ्याला विदर्भाचा सामना असेल आणि तुम्ही नागपुरात असाल तर कळवा. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र आपली आपण आणा, तिथे ऊन फार असतं.