पाचटाखालचे पांढरे धागे

प्रश्न : सांगोला तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे. यंदा आळ्यात उसाचे पाचट अंथरले. पाऊस झाल्यावर उचलून पाहिले तर खाली पांढरे धागे. दुकानदार म्हणतो, बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी ओता. आमच्या गटात सांगतात, जमिनीत जिवाणूंपेक्षा बुरशी जास्त हवी. जीवामृत नियमित सोडतो. काय करू?
– एक वाचक

उत्तर : आळवणी करू नका. हे धागे पाचट कुजवणाऱ्या बुरशीचे आहेत, ते झाडाला खात नाहीत. तुम्ही बहुधा रोगट बुरशीला आवर घालायला ट्रायकोडर्माही सोडत असाल. तीसुद्धा बुरशीच. एका हाताने ती सोडायची आणि दुसऱ्या हाताने कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक ओतायचे, हा उद्योग मी बऱ्याच बागांत पाहतो. दुकानदाराची मात्र दोन्हीकडून विक्री होते!

डाळिंबाची मर, म्हणजे झाड सुकून मरण्याचा रोग, वेगळी. ती मुख्यतः सेराटोसिस्टिस बुरशीने येते, पण वरच्या पाचटात शोधून सापडत नाही. मेलेल्या झाडाचे खोड बुंध्याशी आडवे कापा. आतले लाकूड काळपट-तपकिरी दिसले तर काळजी करा.

आता गटातल्या चर्चेबद्दल. जंगलात बुरशी वरचढ असते, सतत नांगरलेल्या भाजीच्या रानात जिवाणू. फळबाग या दोहोंच्या मधली, म्हणून तुमच्याकडे बुरशी वाढली तर बरेच आहे. पण ती जीवामृताने फारशी वाढणार नाही. त्यातल्या गूळ-बेसनावर आधी जिवाणूच फोफावतात. बुरशीला पाचट, तुराट्या असे कडक, सावकाश कुजणारे खाद्य लागते, आणि तेही वरच अंथरलेले. मातीत मिसळले तर कुजताना नत्र ओढून घेते. रोटाव्हेटर एकदा फिरला की धागे तुटतात. जिवाणूंना त्याचा तितका फरक पडत नाही. मुळांच्या आत राहून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) पुरवणारी मायकोरायझा बुरशी तर डोळ्यांना दिसतही नाही. डीएपी हे स्फुरदाचे खत भरपूर टाकलेत की झाडच तिला थारा देईनासे होते. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आले असेल तर डीएपी थांबवा. ओळींमध्ये आंतरपीक घ्यायचे असेल तर कोबी-फ्लॉवर नको, त्यांच्या मुळांशी तिचे जमतच नाही. मूग किंवा चवळी चालेल.

छाटणीच्या काड्याही आच्छादनाला चांगल्या, पण बागेत तेल्या रोग असेल तर त्या बाहेर नेऊन जाळा. तेल्या जिवाणूजन्य आहे, तेव्हा ‘जिवाणू चांगले, बुरशी वाईट’ हा हिशेबही सोडा आणि त्याच्या उलटाही.