सोयाबीनवरची कीड नेमकी कुठे खाते?

प्रश्न: जमिनीत ओल असूनही काही झाडांचे शेंडे माना टाकतात. मर रोग समजून बुरशीनाशक फवारलं, फरक नाही.

उत्तर: पडणारच नाही. मर रोगात सहसा अख्खं झाड सुकतं. तुमच्याकडे फक्त वरचा भाग गेलाय. सुकलेल्या भागाच्या खाली देठ किंवा खोड निरखून बघा. बोटभर अंतराच्या आत दोन गोल खाचा दिसल्या, तर तो चक्रीभुंगा. मादी या खाचा पाडून मधल्या जागेत अंडं घालते. खाचांमुळे वर अन्नरस पोचत नाही, म्हणून शेंडा वाळतो. अळी निघाली की आतून खोड पोखरत खाली उतरते आणि पुढे तेच खोड आतून कापते. सुकलेला भाग दिसताच खालच्या खाचेच्याही खाली मोडून नष्ट करा. अळी खोडात खोल गेल्यावर फवारणी म्हणजे औषध वाया.

प्रश्न: झाडं हिरवीगार आहेत, तरी शेजारी खोडमाशी असल्याचं म्हणतात. ओळखायची कशी?

उत्तर: बाहेरून बघून नाही. दोन-चार झाडं उपटून खोड उभं चिरा. आत लालसर, नागमोडी भुयार आणि त्यात पिवळट, बिनपायाची अळी किंवा तपकिरी कोष सापडेल. ही अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात शिरते. कोवळं रोप मरतं. मोठं झाड उभं राहतं, पण शेंगा कमी धरतं. खरा बंदोबस्त पेरणीआधीच्या बीजप्रक्रियेत, म्हणजे बियाण्याला औषध चोळण्यात आहे.

प्रश्न: पानांना भोकं पडलीत. लगेच फवारू का?

उत्तर: फुलोऱ्याआधी पानांचा साधारण 30 टक्के भाग गेला तरी सोयाबीन भरून काढतं. शेंगा भरताना मात्र तेवढी सूट नाही. एखादं पान जाळीदार, कागदासारखं दिसलं तर उलटून बघा; तंबाखूवरच्या अळीची पिल्लं घोळक्यानं हिरवा भाग खरवडत असतात. ते पान तिथंच तोडा. उंटअळी (पाठीला उंटासारखा बाक काढून चालणारी अळी) फुलांवर आली, तर टक्के मोजत बसू नका, लगेच फवारा.

प्रश्न: शेंगा बाहेरून धड, दाणे मात्र सुरकुतलेले. असं का?

उत्तर: पाण्याचा ताण नसेल, तर हिरवा ढेकूण शोधा. तो शेंगेत सोंड खुपसून दाण्यातला रस शोषतो, त्यामुळे भोक दिसत नाही. भोक असेल तर घाटेअळी. ती बऱ्याचदा डोकं शेंगेत आणि बाकी अंग बाहेर अशीच सापडते.